३३७ टन गेले, खाली मुरलेलं तिथंच आहे

२९-३० जून २०२५ च्या रात्री इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या कचऱ्याचा शेवटचा हप्ता जळला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर इंदूरच्या आतेभावानं बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "झालं एकदाचं. भोपाळ सुटलं." मी त्याला उत्तर लिहायला घेतलं. ते लांबत गेलं, आणि ग्रुपवर एवढं वाचतंय कोण, म्हणून इथं टाकतेय.

आधी माझं काम काय ते सांगते. मी भूजलाची माणूस. जिऑलॉजीत एमएस्सी केलं तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, ही आता गावोगाव विहिरीच्या जागा दाखवत फिरणार. फिरते मी, पण बंद पडलेल्या कारखान्यांतून. ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, कोलशेत, अंबरनाथ, तिकडे पिंपरी-चिंचवड. कारखाना बंद होतो, जमीन विकायला निघते. घेणारी कंपनी परदेशी असली किंवा तिच्या बँकेला अक्कल असली, तर व्यवहाराआधी प्रश्न येतो की जमिनीखाली काय आहे. ते शोधायला आम्हाला बोलावतात. आमच्या भाषेत याला 'फेज वन', 'फेज टू' म्हणतात. फेज वन म्हणजे कागद आणि चौकशी, फेज टू म्हणजे भोकं पाडणं.

आता भोपाळ. हे ३३७ टन आले कुठून? कारखान्याच्या आवारात इकडे-तिकडे पडलेला माल २००५ च्या सुमाराला गोळा करून एका शेडमध्ये रचला गेला. त्याच्या आदल्या वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती, त्यानंतरची ही हालचाल. त्यात ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक होतं, ९२ टन सेव्हिन (तिथं बनणारं कीटकनाशक) आणि त्याला लागणाऱ्या नॅफ्थॉलचे अवशेष, २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ, आणि १६२ टन माती. म्हणजे जवळपास निम्मा ऐवज मातीच. २०१२ मध्ये हा सगळा माल विमानानं जर्मनीला न्यायचा बेत शिजला होता, तो फिसकटला. २०१५ मध्ये पीथमपूरला दहा टन जाळून चाचणी झाली. मग पुन्हा शांतता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं चार आठवड्यांची मुदत घातली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पोलिसांच्या बंदोबस्तात निघाले. अडीचशे किलोमीटर, रस्ता मोकळा करून. पीथमपुरात मोर्चे निघाले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. भट्टीला लागून असलेल्या तारपुरा गावातले लोक आणि यशवंतसागरचं पाणी पिणारे इंदूरकर, दोघांचीही धास्ती मला कळते. जाळून झाल्यावर राख आणि बाकीचे अवशेष मिळून ८०० टनांच्या वर भरले, कारण जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो. वजन घटायचं सोडून दुपटीहून जास्त झालं.

आतेभावाला मी विचारणार होते ते हे, की शेडमधला माल गेला, पण शेड ज्या जमिनीवर उभी आहे तिचं काय?

नागपूरची 'नीरी' आणि हैदराबादची 'एनजीआरआय' या दोन सरकारी संस्थांनी २०१० मध्ये अंदाज दिला होता की त्या आवारातली दूषित माती सुमारे ११ लाख टन आहे. ३३७ भागिले ११ लाख करून पाहा. शंभर रुपयांच्या कर्जातले तीन पैसे फिटले, एवढाच हिशेब होतो. आणि ही फक्त माती. पाण्याचा हिशेब वेगळाच.

इथं एक घोटाळा लोकांच्या डोक्यात कायम असतो, शिकलेल्यांच्याही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मधून जो मिथिल आयसोसायनेट सुटला, तो वायू होता. त्यानं माणसं मारली आणि तो वाऱ्याबरोबर गेला. आज तिथल्या पाण्यात जे सापडतं ते त्या रात्रीचं नव्हे. ती रात्र उजाडलीच नसती, कारखाना अगदी सुखरूप चालून बंद झाला असता, तरी ते तिथं असतंच. १९६९ पासून पंधरा वर्षं आवारातल्याच खड्ड्यांत टाकलेले अवशेष, गळके ड्रम, सांडलेली रसायनं. शिवाय १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला काही अंतरावर सांडपाणी उन्हात आटवायला तळी बांधली, तीस-पस्तीस एकरांत पसरलेली, तळाला प्लास्टिकचं अस्तर घातलेली. अस्तर आज ना उद्या फाटतंच. मी आजवर एकही जुना सांडपाण्याचा तलाव असा पाहिलेला नाही ज्याचं अस्तर वीस वर्षांनंतर धड होतं. कुठं झाडाचं मूळ घुसतं, कुठं जेसीबीचा दात लागतो, कुठं शिवणच उसवते.

एका परिसंवादासाठी भोपाळला गेले होते तेव्हा संध्याकाळी रिक्षा करून त्या भिंतीच्या बाजूनं चक्कर मारली. भिंतीला भगदाडं, आत गुरं चरतायत, पोरं क्रिकेट खेळतायत. अटल अय्यूब नगरकडच्या वस्तीत हातपंप लाल रंगानं रंगवलेले. लाल म्हणजे पिऊ नका. रिक्षावाला म्हणाला, रंग नंतर आला, पाणी आधीच पिऊन झालं होतं. खरंच होतं त्याचं. १९९९ मध्ये ग्रीनपीसनं तिथल्या विहिरी तपासल्या तेव्हा एका ठिकाणी कार्बन टेट्राक्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या हजारपटींहून जास्त निघालं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या वस्त्यांना नळानं स्वच्छ पाणी द्या. तेव्हा चौदा वस्त्यांची यादी होती. २०१२ पर्यंत बावीस झाल्या. २०१८ मध्ये लखनौच्या आयआयटीआर या विषविज्ञान संस्थेच्या तपासणीनंतर ४२. भिंत होती तिथंच आहे, यादी मात्र वाढते आहे. याचं कारण खालचं पाणी चालतं आहे.

कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझिन ही सॉल्व्हंट कुळातली, म्हणजे इतर रसायनं विरघळवायला वापरतात ती मंडळी माझ्या धंद्यातली सर्वांत हट्टी. पेट्रोल किंवा बेंझिन सांडलं तर ते पाण्यापेक्षा हलकं असतं. भूजलाच्या पातळीवर येऊन तवंगासारखं बसतं, तिथून उपसता येतं. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याच्या दीडपटीहून जड. ते भूजलाच्या पातळीला जुमानत नाही. सरळ बुडत जातं, चिकणमातीचा थर लागला की त्याच्या उतारावरून घरंगळतं, खडकाला भेग मिळाली की तिच्यात शिरतं. पाणी दक्षिणेला वाहत असेल आणि खडकाचा उतार पश्चिमेला असेल, तर हे महाशय पश्चिमेला. मग तिथं खळीत बसून वर्षानुवर्षं थोडं-थोडं पाण्यात विरघळत राहतात. किती थोडं? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर कार्बन टेट्राक्लोराइडचं वजन १.५९ किलो. गणित केलं तर हा एक लिटर सुमारे ३२ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणू शकतो. एक लिटर. कारखान्यात असल्या गोष्टींचे टँकर येत असत.

म्हणून "कचरा उचलला" या वाक्यावर मी वैतागते. दिसणारा कचरा हा त्यातला सर्वांत गरीब भाग असतो. तो मोजता येतो, फोटोत येतो, कंटेनरमध्ये मावतो. खाली गेलेलं शोधायलाच पहिल्यांदा पैसा आणि वेळ घालावा लागतो, आणि सगळ्यांची टाळाटाळ नेमकी तिथं.

शोधतात कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण हा भाग कुणी लिहीत नाही.

सुरुवात कागदांपासून. जुना ले-आउट, प्रदूषण मंडळाची संमतिपत्रं, कच्च्या मालाच्या खरेदीच्या नोंदी, गुगल अर्थवरची जुनी चित्रं. खरेदीच्या नोंदी फार बोलक्या असतात. वर्षाला अमुक टन सॉल्व्हंट आत आलं, मालातून इतकं बाहेर गेलं, मग मधलं कुठं गेलं? थोडं हवेत, बाकीचं बहुतेक माझ्या पायाखाली. पण कागदांवर येत नाही ते माणसांना माहीत असतं. विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजर जे दाखवतो ती सहल असते. खरी माहिती गेटवरच्या वॉचमनकडे, कँटीन चालवणाऱ्याकडे आणि रिटायर झालेल्या फोरमनकडे.

ठाण्याच्या बाजूला एक जुना रासायनिक कारखाना होता, नाव सांगत नाही. आम्ही टाक्यांच्या आवाराभोवती बोअरच्या जागा खुणा करून ठेवल्या होत्या, कारण नकाशावर संशयाची जागा तीच. तिथला एक निवृत्त फोरमन पेन्शनच्या कुठल्यातरी कागदासाठी आला होता. सत्तरीच्या पुढचा, सातारकडचा. आमच्या चुन्याच्या खुणा बघत उभा राहिला. म्हणाला, "ताई, हितं काय न्हाय गावायचं. खरा खड्डा कँटीनच्या मागं. एटी-टू, एटी-थ्रीला आम्हीच ड्रम पुरलेत. वर मग साहेबानं गुलाब लावले." गुलाब कधीचे मेले होते, पण वाफ्याच्या विटा होत्या. तिथं हँड ऑगर, म्हणजे हातानं फिरवायचा गिरमिट, घातला. दीड मीटरवर वास यायला लागला आणि पीआयडी, म्हणजे हवेतली सॉल्व्हंटची वाफ मोजणारं हातातलं यंत्र, आकडे चढवत सुटलं. टाक्यांच्या आवारात खरोखरच फारसं काही नव्हतं. फोरमनकाकांना मी चहा पाजला. अहवालात त्यांचं नाव घालता येत नाही. 'माजी कर्मचाऱ्याशी झालेल्या संवादातून', एवढंच येतं.

मग बोअर. आपल्याकडे हे काम अवघड का, तर आपला काळा पाषाण. वर हातभर-दोन हात भराव, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, कुठं मांजऱ्याचा थर, मग घट्ट पाषाण. पाणी वाळूतून झिरपावं तसं सगळीकडून सारखं चालत नाही. ते मुरमातून आणि भेगांतून चालतं. दहा फुटांवरच्या दोन बोअरमध्ये एकात विष आणि दुसऱ्यात निर्मळ पाणी असं होऊ शकतं, आणि दोन्ही खरं असतं. क्लायंटला हे पटवताना माझे केस पांढरे झाले. त्याला नकाशावर गोल गुलाबी डाग हवा असतो.

बोअर कशानं मारायची यावरही भांडण होतं. कॉन्ट्रॅक्टर नेहमीची कंप्रेसरवाली डीटीएच गाडी आणतो. तमिळनाडूतून आलेल्या या गाड्या, काम झपाट्याचं, दोनशे फूट म्हणजे त्यांना सकाळचा नाश्ता. पण कंप्रेसरची हवा दाबानं खाली गेली की सॉल्व्हंटची वाफ तिच्याबरोबर उडून जाते, नमुना कोरडा आणि निष्पाप निघतो. अहवाल देखणा होतो, खोटा होतो. म्हणून मातीच्या भागात ऑगर किंवा कॅलिक्स मशीनवर स्प्लिट स्पून (मातीचा नमुना वर आणणारी, उभी उघडणारी नळी), आणि खडकात जायचं तर फार जपून. कारण बोअर ही स्वतःच एक वाट असते. वरच्या मुरमात अडकलेलं सॉल्व्हंट तुम्ही पाडलेल्या भोकातून खालच्या स्वच्छ पाण्यात उतरलं, तर तपासणी करायला आलेल्यांनीच प्रदूषण केलं असं होतं. त्यामुळे वरचा भाग आधी केसिंग घालून, बेंटोनाइटनं, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीनं, बुजवून मगच पुढं. मग त्या भोकात नमुन्यांसाठीची विहीर उभी करायची: दोन इंची पीव्हीसी पाइप, त्याला बारीक चिरा, भोवती धुतलेली खडी, वर बेंटोनाइटच्या गोळ्या, त्यावर सिमेंट आणि कुलूप लावता येईल असं झाकण. कुलूप यासाठी की उघडं पाइपाचं तोंड दिसलं की त्यात काहीतरी टाकायचा मोह आपल्या लोकांना आवरत नाही. मी गुटख्याच्या पुड्या काढल्या आहेत, एकदा तर चप्पल.

अशा किमान तीन विहिरी हव्यात, त्रिकोणात. तिन्हींच्या तोंडांची उंची सर्व्हे करून घेतली आणि पाण्याची पातळी मोजली की पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते समजतं. हे पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा करायचं. कोकणपट्टीत जूनमध्ये पाणी खडकात असतं आणि ऑगस्टमध्ये तुमच्या बुटात. भरावात महिनोन्महिने कोरडं पडलेलं रसायन पावसात भिजतं आणि सुटतं. एकाच मोसमाच्या नमुन्यावर "जागा स्वच्छ आहे" असं लिहिणारे सल्लागार आहेत. ते स्वस्तही आहेत, म्हणून त्यांना कामं मिळतात.

नमुना घेणं ही कंटाळवाणी कला आहे. आधी विहिरीतलं साचलेलं पाणी तीनपट उपसून टाकायचं किंवा अगदी संथ पंप लावून पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग चाळीस मिलिलिटरची काचेची छोटी कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि टिचकी मारून बघायचं. एक बुडबुडा दिसला तरी ती फेकून दुसरी. बुडबुड्यात सॉल्व्हंट निघून जातं. कुप्या बर्फाच्या पेटीत, सोबत एक कुपी नुसत्या शुद्ध पाण्याची, प्रवासात काही मिसळलं का ते कळायला. कोणी कोणाच्या ताब्यात कधी दिली याचा सह्यांचा कागद. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये बर्फ वितळतो, तेव्हा ड्रायव्हरला मध्ये थांबून मासळीवाल्याकडून बर्फ घ्यायला लावलेला आहे. पेटीला आठवडाभर बोंबलाचा वास होता.

आता समजा, सगळं सापडलं. साफ कसं करायचं?

मालकाला सर्वांत आवडतो तो उपाय म्हणजे खणा आणि न्या. माती ट्रकमध्ये भरायची, तळोज्याला किंवा रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची, पावती घ्यायची. झटपट होतं, पावती दाखवता येते. ज्या जागी माती वाईट आहे आणि उथळ आहे तिथं मीही हेच सुचवते. पण त्यात माती स्वच्छ होत नाही, तिचा पत्ता बदलतो. आणि भोपाळसारख्या ठिकाणी ११ लाख टन माती कुठं नेणार? पीथमपूरनं ३३७ टनांना काय केलं ते आपण पाहिलं.

पाण्यासाठी 'पंप अँड ट्रीट': उपसा, कोळशातून गाळा, सोडा. कागदावर छान दिसतं. पहिल्या वर्षी आकडे धाडकन उतरतात, क्लायंट पेढे वाटतो. मग पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे परत चढतात. कारण भेगांतून पाणी उपसलं तरी खडकाच्या आणि चिकणमातीच्या बारीक छिद्रांत जे मुरलंय, ते हळूहळू परत बाहेर येतं. मुरायला वीस वर्षं लागली असतील तर निघायला त्याहून जास्त लागतात. जमिनीतली वाफ शोषून घेणं, खाली परमँगनेट सोडून सॉल्व्हंट तोडणं, लोखंडाचा कीस भरलेली भिंत पाण्याच्या वाटेत पुरून ठेवणं, जिवाणूंना खाऊ घालून त्यांच्याकडून काम करून घेणं, या सगळ्या पद्धती खऱ्या आहेत आणि योग्य जागी चालतात. लोखंडाच्या किसाची भिंत मला फार आवडते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या लोकांनी ती आधी ऑन्टारिओतल्या बॉर्डन इथं वाळूत करून पाहिली. ना पंप, ना वीज, पाणी आपल्या पायानं भिंतीतून जातं आणि लोखंड क्लोरीन तोडून घेतं. आपल्या पाषाणात मात्र ती भिंत पुरायची कुठं, हा प्रश्न उरतो.

काही ठिकाणी तर काढतच नाहीत, कोंडून ठेवतात. अमेरिकेतलं लव्ह कॅनॉल प्रसिद्ध आहे. १९४२ ते १९५३ तिथल्या एका जुन्या कालव्यात एका रसायन कंपनीनं सुमारे वीस हजार टन कचरा पुरला आणि जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला विकली. वर शाळा झाली, घरं झाली, १९७८ मध्ये तळघरांतून रसायन वर आलं आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. अमेरिकेचा 'सुपरफंड' कायदा १९८० चा, तो यातूनच आला. पण तो माल आजही तिथंच आहे. वर चिकणमातीचं आणि प्लास्टिकचं आच्छादन, भोवती झिरपा गोळा करणारे चर, आणि पाणी गाळायचं काम अजून चालू. जगातल्या सर्वांत गाजलेल्या सफाईचा हा निकाल आहे. मला यात काही लाजिरवाणं वाटत नाही. उलट त्यांनी कबूल केलं की आता हे सांभाळायचं आहे आणि त्याचं बिल दरवर्षी येणार. आपल्याला मात्र नारळ फोडून काम संपवायची घाई असते.

किती साफ म्हणजे साफ, हे भांडण तर कधीच मिटत नाही. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून उचलून आणलेला. २००१ मध्ये भंगाराच्या दुकानात पाऱ्यानं माखलेली काच सापडली आणि तो बंद झाला. २००३ मध्ये २९० टन पारायुक्त कचरा परत अमेरिकेला गेला. हे आपल्याकडचं दुर्मीळ उदाहरण, जिथं माल आला त्या दिशेनं परत गेला. पण मातीचं भांडण पुढं कित्येक वर्षं चाललं. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल असं ठरलं. आंदोलकांचं म्हणणं, खाली जंगल आहे, ओढा आहे, हा आकडा फारच सैल आहे. मला त्यांची बाजू पटते. वस्तीच्या जागेचा आकडा शोलाला, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या जंगलाला, लावायचा नसतो. मात्र अडचण अशी की आपल्याकडे मातीसाठी स्वतःचे आकडे फार काळ नव्हतेच. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही अहवालात सर्रास हॉलंडचे आकडे लावायचो, घणसोलीच्या मुरमाला.

आणि पैसे कोण देणार? इथं भोपाळपेक्षा मला उदयपूरजवळचं बिछडी आठवतं. १९८७ च्या सुमाराला तिथं एच-अ‍ॅसिड बनवायला सुरुवात झाली, रंगांसाठी लागणारं. जेमतेम ३७५ टन माल निघाला आणि मागे २,४४० टन गाळ राहिला, उघड्यावर. पावसानं तो खाली नेला, गावच्या विहिरींचं पाणी लालसर काळपट झालं. 'नीरी'नं पाहणी केली. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल दिला की ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायचं. आपल्याकडच्या पर्यावरणाच्या प्रत्येक कोर्सात हा निकाल शिकवतात. त्यापुढचं शिकवत नाहीत. सफाईची रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार ठरली, कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या, आणि जुलै २०११ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजानं भरा. मधली पंधरा वर्षं पाणी कुणाच्या स्थगितीसाठी थांबलं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये, म्हणजे पीथमपूरचं जाळणं संपलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, केंद्रानं दूषित जागांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण मंडळानं नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. १८९ रसायनांसाठी मर्यादेचे आकडे. जबाबदार कोण ते ठरवून वसुली. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तपासणीला दिवस मोजून दिलेत आणि सफाई कधी संपवायची याला मुदतच नाही. देशात दूषित म्हणून नक्की झालेल्या जागा तेव्हा १०३ होत्या, काम सुरू झालेल्या सात. आणि १०३ हा आकडाच मला पटत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यानं दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत एकदा जा, मग बोला.

आतेभावानं परवा फोनवर विचारलं, "मग आम्ही करायचं काय?" त्याच्या सोसायटीत बोअर आहे. त्याला सांगितलं तेच इथं सांगते. जुन्या कारखान्यांच्या जवळ राहत असाल आणि बोअरचं पाणी वापरात असेल, तर साध्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीवर जाऊ नका. तिच्यात जंतू, क्षार, नायट्रेट असतं, सॉल्व्हंट नसतात. लॅबला 'व्हीओसी' (वाफ होऊन उडणारी रसायनं, सॉल्व्हंट त्यातच येतात) आणि जड धातू असं वेगळं सांगावं लागतं, पैसे वेगळे पडतात. सोसायटीनं वर्गणी काढून एकदा करावी, शक्यतो पाऊस संपल्यावर. आणि उकळलं की झालं, हे डोक्यातून काढा. उकळून जंतू मरतात. क्रोमियम मरत नाही, उलट पाणी आटलं की ते दाटतं. कारखान्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये फ्लॅट घेत असाल तर बिल्डरकडे मातीचा अहवाल मागा. तो पाया किती खोल घ्यायचा त्याचा अहवाल पुढं करेल, तोही 'सॉइल रिपोर्ट'च. तो नव्हे म्हणावं, रसायनांचा.

आणि एक काम माझं आहे. वागळे इस्टेट, कोलशेत, तुर्भे, रबाळे, अंबरनाथ इथल्या कारखान्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकात कुणी काम केलं असेल, किंवा तुमचे वडील, काका, सासरे यांनी केलं असेल, तर त्यांना एकदा विचारा की ड्रम कुठं पुरायचे, टाक्या धुतलेलं पाणी कुठं सोडायचे. कंपनीचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. गेटपासून किती पावलं आणि कुठल्या बाजूला, एवढं कळवा. यातली बरीच माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत, आणि त्यांना माहीत आहे ते कुठल्याही नकाशात नाही.